चौथ्या नंबरचा ट्रे

आत्या कुठल्याही वस्तूला हात लावायची तो उलटा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. दोरीवरून काढलेला टॉवेल, नुकतीच पुसलेली फरशी, उशीचा अभ्रा, धुऊन पालथे घातलेले पेले. दिवसातून कितीतरी वेळा ती हात उलटा करून क्षणभर टेकवायची आणि थांबायची, काहीतरी ऐकत असल्यासारखी. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या कपाळालाही तसाच हात लावला. मला वाटलं, ताप बघतेय.

"ताप नाही गं," आतोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू नीट वाळलीस का ते बघतेय."

तळहात खोटं बोलतो, असं तिचं म्हणणं होतं. तळहाताला स्वतःचाच घाम असतो. ओल कळते ती मागच्या कातडीला.

हे ती हॉस्पिटलात शिकली होती. तळमजल्याच्याही खाली एक खातं होतं. वरच्या मजल्यांवर ऑपरेशनला वापरलेली हत्यारं तिथे यायची. धुतली जायची, मोजली जायची, जाळीच्या ट्रेमध्ये लावून कापडात बांधली जायची आणि भिंतीएवढ्या मशीनमध्ये वाफेवर निर्जंतुक होऊन पुन्हा वर जायची. मशीनला दोन दारं. एक मळक्या खोलीत उघडणारं, एक स्वच्छ खोलीत. आत्या एकतीस वर्षं स्वच्छ खोलीत होती. वरचे लोक तिला वाफेवाल्या बाई म्हणत. पेशंट तिने सहसा बघितलेच नाहीत. तिला चिमटे ठाऊक होते, कात्र्या ठाऊक होत्या, आणि रोज दुपारी चार वाजता खिडकीतून खाली येणारी दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची लिस्ट ठाऊक होती.

"बाहेर काय चाललंय ते मला रॅकवरून कळतं," ती म्हणायची.

ती कामाला लागली तेव्हा दाराजवळचा अख्खा रॅक बाळंतपणाच्या ट्रेंचा होता. दिवसाला आठ-नऊ ट्रे वर जात, ओलेचिंब होऊन परत येत. गुडघा बदलण्याचा सेट एकच होता आणि तो वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखा. दोन महिन्यांतून एकदा निघायचा. तो निघाला की वरून कोणीतरी फोन करून बजावायचं, जपून हं, महागाचा आहे.

मग हळूहळू रॅक उलटा होत गेला. कोणत्या वर्षी ते तिला सांगता यायचं नाही. आधी बाळंतपणाचे ट्रे आठाचे पाच झाले, मग दोन, मग काही आठवड्यांत एकही नाही. तरुण माणसं गाव सोडून गेली होती. जी राहिली त्यांना एक मूल पुरत होतं. पण ट्रे तयार ठेवावेच लागायचे. न वापरलेला ट्रे महिन्याने शिळा धरतात. तो उघडायचा, धुवायचा, नव्या कापडात बांधायचा, पुन्हा वाफेवर घालायचा. आत्या दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असे सहा ट्रे उघडायची. नाळ कापायची कात्री, नाळेचे दोन चिमटे, बाळाला गुंडाळायचं मऊ कापड. कशालाही कोणाचा हात लागलेला नसायचा. ती ते सगळं नव्याने घडी करायची. "कोणीतरी येणार म्हणून रोज अंथरूण घालावं तसं वाटतं," असं ती एकदाच म्हणाली, आणि लगेच मला भाजी निवडायला बसवलं.

वरचा बाळंतिणींचा वॉर्ड सांध्यांचा वॉर्ड झाला. भिंतीवर रांगेने चाललेली पिवळी बदकं होती, त्यांच्यावर रंग मारायला कोणाला सवड झाली नाही. त्या बदकांखाली सत्तर, अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी वर्षांची माणसं पाय लांब करून पडलेली असत. लिस्टमध्ये वयाच्या पुढे 'इतर आजार' असा रकाना असायचा. पूर्वी तो कोरा यायचा. आता त्यात अक्षर बारीक करून लिहावं लागायचं: साखर, रक्तदाब, किडनी, हृदयात स्प्रिंग, दुसरा गुडघा आधीच बदललेला. पंधरा वर्षांपूर्वी बसवलेले सांधे झिजून तीच माणसं पुन्हा येऊ लागली होती. "पूर्वी माणसं एका आजाराने मरायची," आत्या म्हणायची, "आता चार आजार घेऊन ऐंशी पार करतात. चांगलंच आहे. पण हत्यारं तेवढीच आहेत ना."

तीन सेट होते. रोजचे गुडघे सहा. बाहेर आठ महिन्यांची रांग.

हिशेब बसण्यासारखा नव्हता, हे खाली सगळ्यांना माहीत होतं. गुडघ्याचा सेट भरल्या बादलीइतका जड. तो वरून आला की धुऊन, पुसून, मोजून, बांधून, वाफवून, वाळवून, गार करून परत जायला नीट केलं तर साडेतीन तास लागतात. त्यात जड लोखंड पाणी धरून ठेवतं. वाफ निघून गेली तरी तळाच्या कोपऱ्यात थेंब राहतो आणि बाहेरच्या कापडावर उमटतो. अशा ट्रेला वर जाऊ द्यायचं नसतं. स्वच्छ खोलीच्या भिंतीवर आत्याच्याच अक्षरात एक पुठ्ठा लावलेला होता: ओला ट्रे म्हणजे न झालेला ट्रे.

त्या गुरुवारी चौथं ऑपरेशन सव्वाएकला होतं. सेट मशीनमधून बाहेर येऊन दहा मिनिटं झाली होती तेव्हा ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टरचा फोन आला. ही सिस्टर आणि आत्या एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या.

"बाई, ट्रे कुठाय?"

"गार होतोय."

"पेशंट टेबलावर आहे. कमरेत इंजेक्शन देऊन झालंय. डॉक्टर हात धुऊन उभे आहेत. तुमचं गार होईपर्यंत ते गरम होतील."

आत्या हसली असावी. मग तिने हाताची मागची बाजू ट्रेच्या कापडावर फिरवली. वर कोरडं. बाजूला कोरडं. खालच्या डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढं, ओलं.

पुन्हा बांधून पुन्हा वाफेवर म्हणजे दोन तास. तोवर इंजेक्शनचा असर उतरून जाणार. लिस्टवर वय बहात्तर लिहिलं होतं, साखर लिहिली होती. माणूस आदल्या रात्रीपासून उपाशी. दुसरे दोन सेट अजून मळक्या खोलीत रक्ताने माखलेले होते. टेबलावर एक छोटा पंखा असायचा, लेबलं लिहिताना वाऱ्यासाठी. आत्याने ट्रे उचलून तो कोपरा पंख्यासमोर धरला. सहा-सात मिनिटं. डाग गेला. तिने पुन्हा हात लावून बघितलं, वहीत तारीख, ट्रेचा नंबर लिहिला, पुढे 'कोरडा' लिहून सही केली आणि ट्रे लिफ्टमध्ये ठेवला.

बाहेरच्या माणसाला ही चूक वाटणारही नाही. ओलं होतं, वाळवलं. पण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात, आणि कापड नंतर वाळलं तरी आत गेलेलं आतच राहतं. नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला आत्या हे पहिल्या दिवशी शिकवायची. म्हणजे ज्याला ती चूक आहे हे सगळ्यात चांगलं माहीत, त्यानेच ती केली होती.

बाराव्या दिवशी दुपारी चारच्या लिस्टमध्ये तिसरं नाव होतं: पुरुष, बहात्तर, गुडघा उघडून धुणे. एरवी ती नावं वाचायची नाही, पण हे नाव ओळखीचं होतं. चौकातले चष्मेवाले. अठरा वर्षं आत्याचा चष्मा त्यांच्याकडेच व्हायचा. दिवसभर उभं राहून काचा घासणारा माणूस. गुडघे गेले त्यात नवल नव्हतं. तिने वही काढली. मागचा गुरुवार सोडून त्याच्या मागचा. चौथं ऑपरेशन. ट्रे नंबर दोन. पुढे तिचंच अक्षर.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि सगळ्यात आधी पंखा बंद केला. छताचा नव्हे, टेबलावरचा, आतोबांच्या खुर्चीशेजारचा.

"अगं, उकडून मरू का मी?"

"मरा," ती म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती, म्हणून आतोबांनी पेपर खाली ठेवला. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले होते. तिने सगळं तेव्हाच सांगितलं, सलग, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

"बहात्तरचा माणूस, त्यात साखर," आतोबा म्हणाले. "अशांना होतंच इन्फेक्शन. डॉक्टरसुद्धा हेच म्हणणार. तू कशाला अंगाला लावून घेतेस?"

"साखर एकशे साठ होती. लिस्टवर होती."

"एकशे साठ काय कमी आहे?"

"तेवढ्या साखरेची मी दीडशे माणसं वर पाठवली असतील. त्यांना नाही झालं."

"आणि ओल्या ट्रेची किती पाठवलीस?"

"एक," ती म्हणाली.

आतोबांनी पंखा लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

त्यानंतरचे दोन महिने घरात एक चौथा माणूस राहायला आल्यासारखे होते. तो बोलायचा नाही, पण आत्या त्याच्यासाठी जागा सोडून बसायची. टेबलावरचा पंखा पुन्हा लागला नाही. ती हात उलटा करून गोष्टी तपासायची तेही वाढलं. पण आता कोरडं लागलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही, ती पुन्हा पुन्हा त्याच जागी हात नेत राहायची. रस्त्याने चालताना ती लोकांच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघायची. समोरून काठी टेकत येणाऱ्या बाईकडे बघून म्हणायची, "उजवा, तीन वर्षं झाली असतील." वळणावर एखादं पाऊल फरफटलं की थांबायची, ते पाऊल दूर जाईपर्यंत.

आणि लिस्ट येत राहिली. धुऊन भागलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तेच नाव पुन्हा: गुडघा उघडून धुणे, दुसऱ्यांदा. दोन महिन्यांनी: बसवलेला सांधा काढणे. त्याच्या हत्यारांचा सेट बाहेरून दोन पेट्यांतून आला. छिन्न्या, हातोडी, हाडाला घट्ट बसलेलं लोखंड ओढून काढायचे आकडे. ते आत्याने स्वतः लावले, स्वतः बांधले, आणि मशीनमधून आल्यावर तासभर त्यांच्याजवळ उभी राहिली. वरून फोन आला तेव्हा म्हणाली, "थांबा म्हणावं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा वर, वॉर्डात गेली.

चष्मेवाले खिडकीजवळच्या खाटेवर होते. पाय फळीवर बांधलेला, डोक्यावर भिंतीवरची दोन बदकं. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"ताई, दांडी ढिली झाली वाटतं? आणा इकडे. दुकान बंद आहे, पण हात चालू आहेत."

"नाही दादा. सहज आले. इथेच असते मी, खाली."

"खाली म्हणजे? कपडे धुतात तिथे?"

"तसंच काहीसं."

त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि पायाबद्दल असं सांगितलं की जणू शेजाऱ्याच्या पायाबद्दल सांगताहेत. आत आता सिमेंटचा गोळा आहे, औषध घातलेलं. तो दोन महिने राहणार. मग पुन्हा नवीन सांधा. नाही जमला तर पाय सरळ जोडून टाकणार, वाकणारच नाही. "म्हणजे खुर्चीत बसलो की समोरचा माणूस अडखळून पडेल. गिऱ्हाईक वाढेल, चष्मे फुटतील ना."

आत्या हसली नाही.

"आमच्या मुलीला विनोद आवडत नाही," ते म्हणाले. त्यांची मुलगी शाळेत गणित शिकवायची. लग्न झालं नव्हतं, बापाजवळच राहायची. "ती म्हणते, हे सगळं तुमच्या तोंडामुळे झालं. डॉक्टरांनीच सांगितलं तिला, साखरेमुळे जखम पिकली म्हणून. ऑपरेशननंतर घरी आलो ना, तेव्हा एक दिवस तिला फ्रिजमध्ये जॅमची बाटली थोडी कमी दिसली. विचारायला लागली, एक चमचा की दोन? मी म्हटलं एक. म्हणाली, खरं सांगा. मग म्हटलं दोन." ते जरा थांबले. "खरं तर एकच होता. पण तिला एवढा त्रास झालाय, म्हटलं दोनच असतील."

"एका चमच्याने काही होत नाही, दादा."

"तुम्ही डॉक्टर थोड्याच आहात. कपडे धुता." मग आपण फार बोललो असं वाटून म्हणाले, "रागावू नका हं. पण बघा, तिची नोकरी, तिची रजा, तिचे केस पांढरे व्हायला लागलेत माझ्यापायी. एवढंसं तोंड आवरता आलं नाही मला."

आत्या त्या दिवशी काही न सांगता उठली. घरी येऊन न जेवता झोपली. पाठीवर पडून छताकडे बघत होती. मी दिवा मालवायला गेले तर म्हणाली, "तो माणूस माझा चमचा स्वतःच्या नावावर घेऊन बसलाय."

आधी ती सिस्टरकडे गेली. ओटीच्या बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. हे मला पुढे सिस्टरनेच सांगितलं.

"वहीत काय लिहिलंय?" सिस्टरने विचारलं.

"कोरडा."

"मग कोरडा. तुमची सही आहे, विषय संपला. दोन वर्षं राहिलीत तुमची, बाई. आणि फोन मी केला होता, तो कुठल्या वहीत लिहू?"

"तुमचं नाव नाही घेणार मी."

"नावाचं नाही हो. तुम्ही हे बोललात की उद्यापासून लिस्ट निम्मी करतील. आठ महिन्यांची रांग दीड वर्षाची होईल. ती माणसं रोज मला फोन करतात. जिना उतरता येत नाही म्हणून रडतात. त्यांना काय सांगू?"

आत्या बाकावरून उठली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, कशावरून त्या डागामुळेच? ती म्हणाली, कशावरून जॅममुळेच? डॉक्टरांना जॅम काय ते कळलं नाही.

मग ती बदकांच्या वॉर्डात गेली. मुलगी शाळेत होती. चष्मेवाले शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू नखाने घट्ट करत होते. आत्याने स्टूल ओढलं आणि सांगितलं. ट्रे, फोन, डाग, पंखा, वही. ती म्हणाली, "तुमच्या गुडघ्यात जे गेलं ते त्यातूनच गेलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नाही गेलं असंही सांगू शकत नाही. पण ट्रे ओला होता आणि मला माहीत होतं."

त्यांनी चष्मा म्हाताऱ्याला परत दिला. बराच वेळ बोटं पुसत राहिले.

"केवढा होता डाग?"

तिने अंगठा पुढे केला आणि नखावर बोट ठेवलं.

ते त्या नखाकडे बघत राहिले. आत्या वाट बघत होती. शिव्या देतील, ओरडतील, तोंड फिरवतील. ते म्हणाले, "साडेचारला येते ती. तोपर्यंत बसाल? हे तिला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी सबब शोधली."

आत्या बसली. पावणेदोन तास ती स्टुलावरून उठली नाही. मुलगी आली, बापाची पिशवी ठेवली, आणि आत्याने उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. संपल्यावर मुलीने बापाकडे बघून विचारलं, "चमचे किती होते?"

"एक," ते म्हणाले.

मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग पर्समधून पेन काढून तिने आत्याला ट्रेचा नंबर आणि तारीख विचारली आणि लिहून घेतली.

तक्रार झाली, चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन माणसं होती. त्यांनी विचारलं, तुम्हाला खात्री आहे? आत्या म्हणाली, "डागाची आहे. बाकीची नाही." तिला स्वच्छ खोलीतून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवलं, उरलेलं दीड वर्ष ती तिथेच होती. लिस्ट सहाची चार झाली. चौथा सेट मागवला गेला. तो आल्यावर लिस्ट पुन्हा सहाची झाली, आणि पुढच्या वर्षी आठाची. बाहेरची रांग काही कमी झाली नाही. सिस्टर दोन महिने तिच्याशी बोलली नाही, मग एक दिवस चादरी न्यायला स्वतःच खाली आली आणि जाताना म्हणाली, "भिंतीवरचा पुठ्ठा मी काढू दिला नाही."

चष्मेवाल्यांना चार महिन्यांनी नवा सांधा बसला. पाय पुरता वाकत नव्हता. दुकानात ते तो एका खोक्यावर ठेवून बसत. आत्या वर्षभर त्या चौकातून गेली नाही. लांबच्या वाटेने यायची, पण काठीचा आवाज तिला तिकडेही ऐकू यायचा, जिथे काठीवाला कोणीच नसायचा. शेवटी तिला अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा मीच तिला घेऊन गेले. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, डोळ्यांसमोर काचा धरल्या. वर बघा. खाली बघा. आता? आता? क्षमेबद्दल एक अक्षर नाही. काचांचा नंबर लिहून झाल्यावर कागद फाडता फाडता म्हणाले, "आमच्याकडे हल्ली जॅमची बाटली टेबलावर उघडी असते."

आत्या घरी येईपर्यंत रडली नाही. घरी आल्यावरही नाही. पण त्या दिवशी आतोबांचा पंखा लागला.

तो सुटला का, तो चौथा माणूस? मला तसं वाटत नाही. रिटायर झाल्यावरही महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती सकाळपासून अस्वस्थ असायची. कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालायची. विचारलं तर म्हणायची, "ते सहा ट्रे आज कोणी उघडले असतील का?" तिला भीती कसली होती ते तिने मला कधी नीट सांगितलं नाही. एकदा एवढंच म्हणाली, की स्वप्नात ती ट्रे उघडते आणि आतलं मऊ कापड ओलं असतं.

दरम्यान तिचेच गुडघे गेले. एकतीस वर्षं सिमेंटच्या जमिनीवर उभी राहिलेली बाई. दोन वर्षं तिने ऑपरेशनचं नाव काढू दिलं नाही. जिना उलटी होऊन उतरायची, कठड्याला धरून, एकेक पायरी. आतोबा खालून म्हणायचे, "या, या, पाहुण्या तोंड लपवून येताहेत." मग ते गेले, आणि जिन्यात तिला कोणी चिडवायला उरलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "चला, घ्या माझं नाव लिस्टवर." मी तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते.

रांग सव्वा वर्षाची होती. सिस्टर आता सगळ्या ऑपरेशन थिएटरांची मुख्य झाली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी ती वॉर्डात आली, खाटेवर बसली आणि आत्याचा गुडघा कुरवाळत म्हणाली, "बाई, उद्या तुमचा पहिला नंबर लावलाय. पहिला ट्रे रात्रभर वाळलेला असतो."

"माझ्यानंतर कोण कोण आहेत?"

सिस्टरने लिस्ट दाखवली. आत्याने ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली, जुन्या सवयीने आधी शेवटचा रकाना. चौथ्या नंबरवर एक बाई होत्या, एकोणऐंशी वर्षांच्या. साखर, किडनी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

"यांना पहिला द्या. मी चौथी जाते."

"काहीतरीच काय बाई. आता आठ सेट आहेत, दोन मशीनं आहेत. सगळे ट्रे कोरडेच असतात हल्ली."

"मग मला चौथ्याला जायला काय हरकत आहे?"

सिस्टरने खिशातून पेन काढून दोन नावांवर बाण काढले.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याला वॉकर धरून उभं केलं आणि ती चार पावलं चालली, बदकांच्या रांगेच्या उलट्या दिशेने. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तेव्हा जखम स्वच्छ आणि कोरडी होती. मी स्वतः बघितली. त्याच दिवशी दुपारी पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात अडकली आणि आत्या गेली. या वयात, एवढ्या ऑपरेशननंतर, औषधं देऊनही कधीकधी होतं असं, डॉक्टर म्हणाले. ट्रेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे मी सिस्टरला तीनदा विचारून घेतलं, आणि तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज मला आत्याचा वाटला.

मी तेव्हा तिथे नव्हते. तासाभरापूर्वी जेवायला म्हणून घरी निघाले होते. आत्या उशीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. मी चप्पल घालत होते तेव्हा तिने डोळे न उघडताच म्हटलं, "स्टुलाखालच्या पिशवीत केळी आहेत, ती घेऊन जा. उद्यापर्यंत काळी पडतील."